परीक्षेचा पेशंट

अमळनेर,
६ जानेवारी २०२५

चि. योगिता,

आशीर्वाद पहिल्याच ओळीत देऊन टाकतो, कारण पुढे तो कुठे बसेल असं वाटत नाही.

मामाने फोन का नाही केला, असं तुझी माय विचारेल. तिला सांग, फोनवर माणूस बोलतो आणि दुसऱ्या दिवशी 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणून हात वर करतो. एस.टी.च्या मार्ग तपासणी पथकात मी एकतीस वर्षं काढली. रस्त्यात गाडी थांबवायची, आत चढायचं आणि तिकिटं बघायची. त्या नोकरीत एक शिकलो, तोंडचं काही धरायचं नाही, कागदावरचं धरायचं. तेव्हा तूही उत्तर कागदावरच दे, तारीख घालून.

आता मुद्द्याचं. आपला दगा सुरतेला तुमच्या डिंडोलीत रिक्षा चालवतो, तो परवा गावी आला होता. म्हणाला, "मामा, तुमनी भाची दर शनिवारले नवा माणूस लई जास." रिक्षात शेजारी बसवून. एकदा एक उंच, एकदा एक टकला, आणि एक पलसाण्याच्या मिलमधला तरणा. कॉलेजच्या रस्त्याला लागते म्हणाला, पण फाटकातून आत जाताना त्याने पाहिलेलं नाही. मी त्याला उलटसुलट विचारलं, तो हलला नाही.

तीन वर्षांपूर्वी तुझे पप्पा तुला बारावीनंतर साडीच्या दुकानात लावणार होते. मी मध्ये पडलो. "शिकू द्या, सुकदेवराव, मी बघतो," हे शब्द माझे. ते माझ्या शब्दावर गप्प बसले आणि अजून माझ्याच शब्दावर गप्प आहेत. मी उद्या नको म्हटलं तर तू परवा घरी बसशील, हे तुलाही माहीत आहे.

आणि एकदा नीट सांग, ही पदवी आहे तरी कसली? दात काढायचा नाही, कवळी बसवायची नाही, पोकळ दातात सिमेंट भरायचं नाही. नुसते घासायचे. मी राखुंडी आणि बोट वापरून चौसष्ट वर्षांचा झालो, मला कोणी बॅचलर म्हटलं नाही.

हिलाल मामा


सुरत,
१५ जानेवारी २०२५

ती. मामा,

नमस्कार. काल उत्तरायण होती. सगळी बिल्डिंग गच्चीवर पतंग उडवत होती आणि मी खोलीत बसून तुमच्या पत्राचं उत्तर जुळवत होते. तीन कागद फाडले.

आधी पदवीचं. नाव 'बॅचलर इन डेंटल हायजीन'. दाताचा डॉक्टर दात बिघडल्यावर कामाला येतो, आम्ही तो बिघडू नये म्हणून. दातावर जो दगडासारखा थर चढतो, तो हिरडीच्या खाली उतरतो आणि हिरडी सैल करतो. तिथे तुमचं बोट पोचत नाही आणि राखुंडीही पोचत नाही. आम्ही बारीक सळईने एकेका दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीची खोली मोजतो, आतला थर काढतो, आणि गाल, जीभ, टाळू असं सगळं तोंड तपासून लिहून ठेवतो. तीन वर्षं शिकून हे हाताला येतं. माझं हे शेवटचं वर्ष आहे.

आता माणसांचं. कॉलेज आम्हाला हवे तसे पेशंट हातात देत नाही, मामा. अमुक इतकी जाड थराची तोंडं, अमुक इतकी सुजलेल्या हिरड्यांची, असं पुस्तकात भरून द्यावं लागतं आणि माणसं आपली आपण शोधावी लागतात. वर्गातल्या बाकीच्या मुली सोसायटीतल्या काकांना आणतात. त्यांचे दात आधीच पांढरे असतात, त्यांना थर सापडत नाही. मला सापडतो, कारण मी लूमच्या खात्यांत, म्हणजे कापडाच्या मागांवर काम करणाऱ्यांमध्ये राहते. रात्रपाळी करून सुटलेल्या माणसाला मी शनिवारी सकाळी घेऊन जाते. एकटा पाठवला तर तो पोचत नाही. एक जण फाटकापर्यंत आला, औषधाचा वास आला तसा "चहा पिऊन येतो" म्हणाला, तो थेट कडोदऱ्याला आपल्या खात्यावर सापडला. म्हणून शेजारी बसवून नेते.

टकले म्हणजे रघुनाथकाका, पप्पांच्याच खात्यावरचे, परभणीकडचे. त्यांना माझ्याएवढी नात आहे.

एक मलाही विचारायचंय. दगाभाऊने मला तीनदा पाहिलं, तर एकदाही हाक का मारली नाही?

योगिता


अमळनेर,
२५ जानेवारी २०२५

चि. योगिता,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा पटलं, म्हणून दुसऱ्यांदा वाचलं. चटकन पटणारं तिकीट मी नेहमी उलटं करून बघायचो.

टकल्याचं सांगितलंस, उंचाचं नाही सांगितलं आणि पलसाण्यावाल्याचं तर नावही घेतलं नाहीस. ते मी काढलं. तो विकास. आपल्या शेजारच्या गावचा, घरी लग्नाची बायको शीतल आणि दीड वर्षाची पोरगी. त्याच्या खोलीतला एक जण रजेवर आलाय, त्याने चारचौघांत सांगितलं की विकास शनिवारी दुपारी खोलीवर आला तेव्हा त्याचे ओठ गुलाबी होते. खिशातला रुमालही गुलाबी. सगळी खोली हसली आणि तो मान खाली घालून झोपून गेला.

आता मला सांग, दात साफ करायला ओठ रंगवावे लागतात का?

मी तुझ्यावर आळ घेत नाही. मी विचारतोय. पण विचारायची वेळ यावी हेच मला सहन होत नाही. तू लहान असताना पाटी घेऊन माझ्याच ओट्यावर बसायचीस, तेव्हा चुकलीस तर आपणहून सांगायचीस. आता मी विचारेन तेवढंच सांगतेस, आणि तेही निम्मं.

हिलाल मामा


सुरत,
४ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

रंगवावे लागतात. ओठ नाही, दात. ओठांना आपोआप लागतो.

दातावर मळ कुठे बसलाय हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आम्ही एक गुलाबी गोळी चावायला देतो. मळ तेवढा रंग धरतो. मग माणसाला आरसा देऊन दाखवायचं की बघा, इथे तुमचा ब्रश जात नाही. रंग ओठांवर दुपारपर्यंत राहतो. मी सगळ्यांना व्हॅसलीन लावून देते. विकासभाऊंनी चोळून पुसलं, म्हणून पसरलं. खोलीवरच्या माणसांनी गुलाबी रंग बघितला आणि त्यांना एकच गोष्ट सुचली. तुम्हालाही तीच सुचली, मामा, याचं मला जास्त वाईट वाटलं.

पाकिटात कागदाच्या पुडीत दोन गोळ्या ठेवल्या आहेत. एक चावून बघा. विषाची नाही, मीही चावलेली आहे.

विकासभाऊंचं नाव मी लपवलं, हे खरं. कारण सांगते. १९ मार्चला माझी शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा आहे. तिला आपला पेशंट आपणच न्यायचा असतो. बाहेरचे परीक्षक येऊन आधी त्याचे दात बघतात, थर पुरेसा असेल तरच मंजूर करतात. मग दोन तासांत तो साफ करून दाखवायचा. पेशंट आला नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर सप्टेंबरपर्यंत थांबायचं. विकासभाऊंचे खालचे पुढचे सहा दात परीक्षेसाठी हवे तसे आहेत. ते गुटखा खात नाहीत, त्यांना बीपी नाही, तोंड पूर्ण उघडतं. असा माणूस मी चार महिने शोधत होते. मी त्यांना तेव्हापासून हात लावलेला नाही, थर तसाच राखून ठेवलाय.

म्हणून त्यांच्याबद्दल कुठे बोलले नाही. बोललं की माणूस बिचकतो. तुम्हीही कुठे बोलू नका, एवढी विनंती.

योगिता


अमळनेर,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. योगिता,

गोळी चावली. आरशात बघितलं तर मागच्या दाढा सगळ्या रंगलेल्या. तुझी मामी म्हणाली, "आते कसा दिखी ऱ्हायनात," आणि पदर तोंडाला लावून आत गेली. त्याच तोंडाने डेपोत जावं लागलं, पेन्शनचा कागद द्यायचा होता. तिथल्या दोघांनी काय विचारलं ते लिहीत नाही.

गोळीपुरतं तुझं खरं.

विकासबद्दल मी आता काही विचारत नाही. तुझं पत्र यायला अकरावा दिवस उजाडला, एवढं मात्र लिहून ठेवतो. आपल्याकडे टपाल फार उशिरा येतं, त्याला कोणाचा इलाज नाही.

परीक्षा झाली की कळव. मामीला सर्दी आहे. बाकी ठीक.

हिलाल मामा


सुरत,
५ मार्च २०२५

ती. मामा,

विकासभाऊ गेले. मिलचं काम सोडून, पेटी घेऊन गावी गेले. शीतलवहिनीने त्यांना निरोप पाठवला की आठ दिवसांत घरी या, नाहीतर मी पोरीला घेऊन माहेरी चालले. शनिवारी सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले तर खोलीवाल्यांनी दार अर्धं उघडून सांगितलं आणि लावून घेतलं.

त्याच दिवशी शीतलवहिनीने पप्पांच्या फोनवर फोन केला. काय काय बोलली ते मी कागदावर लिहिणार नाही. पप्पांनी फोन कानाला लावून सगळं ऐकलं. मग फोन माझ्या हातात दिला आणि चप्पल घालून बाहेर गेले. मी जिन्यात जाऊन तिचं उरलेलं ऐकलं. पप्पा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. जेवायला बसतात, ताट सरकवतात, उठतात. मम्मीला म्हणाले, "हिलालभाऊंना विचार. ते हो म्हणतील तर जाऊ दे तिला कॉलेजात, नाहीतर बस झालं."

परीक्षेला चौदा दिवस आहेत. दुसरा माणूस मिळत नाही. एकाचं तोंड गुटख्याने दोन बोटांच्या वर उघडत नाही. एकाला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. रघुनाथकाकांचे दात मी गेल्या वर्षीच साफ केलेत, पप्पांचे त्याच्याही आधी, त्यांच्या दातांवर आता परीक्षेपुरतं काही शिल्लक नाही. बाकीच्यांनी विकासभाऊंचं ऐकलंय. मी चाळीत शिरले की त्यांच्या बायका दारात येऊन उभ्या राहतात.

शीतलवहिनीला कोणी सांगितलं, यावर मी या पत्रात काही लिहीत नाही.

योगिता


अमळनेर,
१० मार्च २०२५

चि. योगिता,

मी येतो. १८ तारखेला संध्याकाळपर्यंत पोचतो. तुझा पेशंट मी.

बीपी नाही, साखर नाही, गेल्या महिन्यात सरकारी दवाखान्यात तपासून घेतलंय. तंबाखू मळून खातो, पण तोंड पुरं उघडतं. दातांवर थर किती आहे ते तुझ्या गोळीने मला दाखवलंच. चाळीस वर्षांचा थर आहे, परीक्षकाला कमी पडणार नाही. दातांना आजवर कोणाचा हात लागू दिलेला नाही. फक्त तूच हात लावायचा, दुसरं कोणी नाही.

सुकदेवरावांना म्हणावं, मी आल्यावर बोलू.

हिलाल मामा


अमळनेर,
२२ मार्च २०२५

योगिता,

सुखरूप पोचलो. तुला न सांगता निघून आलो, त्याबद्दल मला काही वाटत नाही.

मी काय पाहिलं ते क्रमाने लिहितो. परीक्षकाने माझे दात बघितले, मान डोलावली, सही केली. म्हणजे माझ्यात खोट नव्हती. मग तू आरसा घालून तोंड बघायला लागलीस. तुझा हात थरथरत होता. डावा गाल ओढून बराच वेळ बघत राहिलीस, कापसाने पुसलंस, परत बघितलंस. मग उठून तुझ्या कॉलेजच्या त्या हर्षदा मॅडमना बोलावलंस. त्यांनी बघितलं, परीक्षकांशी काहीतरी बोलल्या, आणि म्हणाल्या, आज दात साफ करायचे नाहीत, गालाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवायचा. आलो होतो दातांसाठी, तुकडा गालाचा. मी खुर्चीतून उठलो आणि स्टेशनवर आलो.

एकतीस वर्षं मी एकच प्रश्न विचारत आलो, यात फायदा कोणाचा? काम अंगावर आलं की कंडक्टर प्रवाशात खोट काढतो, हे मी शंभर वेळा बघितलंय. तुझा हात कापत होता, योगिता. दोन तासांची परीक्षा तुला झेपणार नव्हती. तू माझ्या गालात खोट काढलीस आणि सुटलीस. आता लोक म्हणतील, बिचारीचा पेशंट आजारी निघाला.

गाल दुखत नाही. पाणी लागत नाही. डाग म्हणे. तंबाखू खाणाऱ्याच्या गालाला डाग असायचाच.

हिलाल मामा


सुरत,
२८ मार्च २०२५

ती. मामा,

तुम्हाला कागदावर लागतं, म्हणून कागदावर लिहिते. नीट वाचा आणि दोनदा वाचा.

तुमच्या डाव्या गालात आत, जिथे तंबाखू धरता तिथे, पांढरा चट्टा आहे. नखाएवढा. त्याच्या कडेला लाल ठिपके आहेत. कापसाने पुसून निघाला असता तर तो मळ असता. तो निघाला नाही. असे काही चट्टे पुढे कॅन्सर होतात, सगळे नाही. कोणता होईल हे नुसतं बघून मला सांगता येत नाही, हर्षदा मॅडमनाही येत नाही. म्हणून तुकडा.

आता फायदा. परीक्षकांनी तुमचे दात मंजूर करून सही केली होती. गाल त्यांनी बघितला नव्हता, तो बघून लिहायचं काम माझं होतं. तिथे एक ओळ असते. 'गाल, ओठ, जीभ: ठीक' असं मी लिहिलं असतं तर कोणीही परत बघितलं नसतं. दोन तासांनी त्यांनी फक्त माझे साफ केलेले दात तपासले असते. तुमचा थर मला काढता येत होता, मामा. डोळे मिटून काढला असता. दुपारी एक वाजता मी पास झाले असते आणि तुम्ही खुशीत घरी गेला असतात, तोंडात तंबाखू टाकून.

मॅडमना हाक मारली की त्या दिवशीची सफाई बंद, असा नियम आहे. बदली पेशंट माझ्याकडे नव्हता, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही. आता माझी परीक्षा सप्टेंबरमध्ये, तीही घरून सोडलं तर. पप्पा मम्मीला म्हणतात, बहाणे पुष्कळ झाले.

हात कापत होता, कारण मला ते दिसलं होतं.

सोबत हर्षदा मॅडमची चिठ्ठी आहे. सुरतला नसेल यायचं तर धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. या आठवड्यात. मामीला घेऊन जा, एकटे गेलात तर तुम्ही फाटकातूनच परत याल. तुमच्यासारखी माणसं मी तीन वर्षं बघतेय.

योगिता


अमळनेर,
२१ एप्रिल २०२५

चि. योगिता,

मामीने दंड धरून नेलं. रिक्षात शेजारी बसवून.

तुकडा काढला, रिपोर्ट आला. डॉक्टर तरुण होता, त्याला मी तीनदा विचारलं, त्याने तिन्ही वेळा तेच सांगितलं. कॅन्सर नाही, पण त्या वाटेला लागलेलं आहे. आणखी वर्ष-दोन वर्षं गेली असती तर हेच बोलणं वेगळं झालं असतं. गेल्या गुरुवारी चट्टा पूर्ण काढला. चार टाके आहेत. पेज पितोय. तंबाखू बंद झाली, सोडली म्हणत नाही, आज चौथा दिवस. चुन्याची डबी मामीने चुलीत टाकली.

डॉक्टरने विचारलं, हे कोणी बघितलं? दुखत नसताना आलात कसे? मी सांगितलं, भाचीने. म्हणाला, शिकलेली दिसते.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते मागे घेतो. माझं वय झालं, आणि सवय जात नाही. तू मनावर घेऊ नकोस. सुकदेवरावांना फोन करून सांगेन की पोरीला कॉलेजात जाऊ द्या. झालं गेलं ते आता उकरायला नको.

हिलाल मामा


सुरत,
३० एप्रिल २०२५

ती. मामा,

रिपोर्टचं वाचून मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. मम्मीलाही सांगितलं, ती देवापुढे बसून राहिली. टाके विरघळेपर्यंत तिखट नको, गरम नको.

पण झालं गेलं उकरावं लागेल.

शीतलवहिनी त्या दिवशी जिन्यात मला सगळं बोलली. शेवटी म्हणाली, "तुझा सख्खा मामा माझ्या दारात येऊन सांगून गेला, मग मी कोणावर विश्वास ठेवू?" तारीखही सांगितली. तुमच्या २५ जानेवारीच्या पत्राच्या चौथ्या दिवशी. माझ्या उत्तराची वाटही तुम्ही बघितली नाही. टपाल उशिरा आलं, असं तुम्ही लिहिलंत तेव्हा मला कळलं नव्हतं. नंतर कळलं.

म्हणजे १९ मार्चला तुम्ही खुर्चीत बसून तोंड उघडलंत, तेव्हा मला माहीत होतं. तुम्ही भरपाई करायला आला आहात, हेही कळत होतं. मी ठरवलं होतं, परीक्षा होऊ दे, हिशेब फिटेल, मग काही बोलायचं नाही. आणि मग गाल ओढला.

खरं सांगते. मी बराच वेळ बघत राहिले असं तुम्ही लिहिलंय ना, तेव्हा मी चट्टा बघत नव्हते. तो पहिल्या क्षणाला दिसला होता. मी विचार करत होते की या माणसाने माझा पेशंट घालवला, आणि आता याच्याचमुळे परीक्षाही जाणार. पदवी हातात आल्यावर सांगितलं तर काय होतंय, सहा महिन्यांनी काय फरक पडतो. असा विचार मी केला, मामा. माझी मला भीती वाटली. मग मॅडमना हाक मारली.

पप्पांना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं, शीतलवहिनीला कोणा खोलीवाल्याने सांगितलं, आणि धूर निघाला म्हणजे मुलीचंच काही असणार. दोन महिने झाले, ते मान वर करून माझ्याकडे बघत नाहीत. तुम्ही फोन केलात तर ते "हो भाऊ" म्हणतील आणि मला कॉलेजात पाठवतील. पण मनातलं जाणार नाही. मी पदवी घेऊन घरी आले तरी ते तसेच ताट सरकवतील.

मी त्यांना सांगितलं तर मामावर ढकलते म्हणतील. तुम्हीच सांगायला हवं. आणि फोनवर नको.

योगिता


अमळनेर,
६ मे २०२५

श्री. सुकदेवराव यांस,

नमस्कार. तुम्ही आमचे जावई, या घरात तुमच्यापुढे मी कधी मान खाली घातलेली नाही. आज घालतो. पत्र दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नका, सावकाश वाचा, पण स्वतः वाचा.

विकासच्या बायकोला सांगणारा मी. २९ जानेवारीला सकाळी मी आपल्या पायांनी त्यांच्या दारात गेलो. तिने पाणी दिलं, ते मी प्यालो, आणि मग म्हणालो, नवऱ्याला परत बोलाव, माझी भाची त्याला घेऊन फिरते. मी काहीही पाहिलेलं नव्हतं. दगाने सांगितलेलं आणि एका खोलीवाल्याने हसत सांगितलेलं, तेवढ्यावर गेलो. नोकरीत मी स्वतः गाडीत चढून बघितल्याशिवाय कोणा परक्याविरुद्ध दोन ओळींचा रिपोर्ट लिहिला नाही. घरच्या पोरीवर लिहिला.

मला वाटलं, मी तिला वाचवतोय. खरं तर मला माझा शब्द वाचवायचा होता. "मी बघतो," असं तुम्हाला म्हणालो होतो ना.

पोरीत खोट नाही. ती त्या माणसांना दात तपासायला न्यायची, दुसरं काही नव्हतं. माझ्यामुळे तिचा पेशंट गेला आणि माझ्याचमुळे तिची परीक्षा गेली. मी हे केलंय हे ठाऊक असताना तिने माझं तोंड बघितलं, आणि जे दिसलं ते बोलली. गप्प राहिली असती तर आज ती पास असती, आणि माझं काय झालं असतं ते धुळ्याच्या डॉक्टरला विचारा.

काल मी परत शीतलच्या दारात जाऊन हेच सांगून आलो. तिने या वेळी बस म्हटलं नाही. विकास ओट्यावर होता, त्याने सगळं ऐकलं.

तुम्ही म्हणालात, हिलालभाऊंना विचारा, ते हो म्हणतील तर पोरगी शिकेल. सुकदेवराव, मी हो म्हणतो, पण माझं हो धरू नका. इथून पुढे तिच्याबद्दल काही विचारायचं झालं तर मला विचारू नका. ती समोर बसलेली असते, तिला विचारा, आणि ती सांगेल ते खरं धरा.

तुमचा,
हिलाल